कोहो माशांचा ओढा आणि देवळाचं पार्किंग

शनिवार, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला

सायलीच्या बाथरूममध्ये टबावर दोन रबरी तुमानी वाळत टांगल्या होत्या. छातीपर्यंत येणाऱ्या, खाली बूट चिकटवलेल्या. हात धुवायला आत गेलो आणि दचकलोच.

"एक माझी, एक तुमची," बाहेरून सायली म्हणाली. "उद्या सकाळी सातला निघायचंय, मामा."

सायली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण पुण्याला असते. सायली चार वर्षांपासून इथे वॉशिंग्टन राज्यात पीएचडी करते. शहरातल्या ओढ्यांमध्ये सॅल्मन मासे परत कसे आणायचे, हा तिचा विषय. मी राहतो मिशिगनमधल्या नोव्हायला, मोटारींच्या मुलखात. तिथेच पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. "तिचा आवाज मला बरा वाटत नाही रे, तू जाऊन बघ," असा बहिणीचा फोन आला म्हणून आठवड्याचं तिकीट काढलं. सायलीला सांगितलं, की सहजच फिरायला येतोय. तिने विमानतळावरच विचारलं, "आईने पाठवलंय ना?" मी हो म्हटलं. खोटं रेटायला अंगात जोर लागतो, तो प्रवासातच संपला होता.

तिच्या फ्रिजमध्ये अर्धं लिंबू, दह्याचा डबा आणि मोहरीची बाटली. बायकोने भाजणी दिली होती म्हणून बरं. मी थालीपिठं लावली. सायलीने तीन उभ्याउभ्याच खाल्ली आणि चौथं खाताना म्हणाली, "मामा, मी सोडतेय. पीएचडी. अ‍ॅडव्हायझरला ईमेल ऑलरेडी ड्राफ्ट केलाय, फक्त सेंड करायचाय."

मी जे बोलू नये तेच बोललो. चार वर्षं, आईचे कष्ट, अजून थोडंच राहिलंय, वगैरे. तिने चौथं थालीपीठ संपवलं. शेवटी म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, अमेरिकेत ये, इथे कामाची कदर होते. मी चार वर्षं मेलेले मासे मोजतेय, मामा. एक आठवडा माझ्याबरोबर मोजा. मग बोला."

रविवार, ओढ्यावर

ओढा म्हणजे आपल्याकडचा एखादा पऱ्ह्या समजा. कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे मांडीपर्यंत. दोन्ही बाजूंना घरांची परसं, वर रस्ता, रस्त्याखाली मोरी. त्या मोरीचा पाइप पूर्वी पाण्याच्या वर लोंबकळत होता. समुद्रातून आलेला मासा तिथे उडी मारमारून थकायचा आणि परत फिरायचा. तो काढून तिथे रुंद कमानीची मोरी बांधली, म्हणून आता वरचा दोन मैलांचा ओढा माशांना खुला आहे.

दर रविवारी इथे माणसं झाडं लावायला जमतात. त्यांची म्होरकी ग्वेन, ऐंशीच्या जवळ आलेली. जन्मभर शाळेची बस चालवली, आता ओढ्याकाठीच एकटी राहते. तिने माझ्या हातात विळ्यासारखं एक हत्यार दिलं आणि काटेरी जाळीकडे बोट दाखवलं. "हिमालयन ब्लॅकबेरी. तुमच्याकडचीच ना?"

मी म्हटलं, मी कोकणातला, हिमालय मीही लांबूनच पाहिलाय. ती खो खो हसली. नाव हिमालयाचं असलं तरी ही जाळी युरोपाकडून आली आणि इथले काठच्या काठ गिळून बसली. तासभरात माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले.

जाळी उपटली की तिथे विलोच्या ओल्या काठ्या चिखलात खोचायच्या. आपल्याकडचं नदीकाठचं वाळुंज, त्याचीच ही बहीण. शेवग्याची फांदी खोचावी तशी नुसती खोचायची, ती मुळं धरते. पुढे सावली होते, पाणी थंड राहतं. हे समजण्यासारखं होतं. पण ओढ्यात आडवे टाकलेले भलेथोरले ओंडके पाहून माझ्यातला इंजिनियर अस्वस्थ झाला. आपण पुराआधी नाल्यातली पडलेली झाडं ओढून काढतो, इथे क्रेन लावून आणून टाकली होती!

"ओंडक्यामागे पाणी दमतं," सायलीने सांगितलं. "दमलं की खडी खाली बसते. त्या खडीत मादी शेपटीने खड्डा करून अंडी घालते. पिल्लं वर्षभर इथेच वाढतात, मग समुद्रात जातात, मोठी होतात, आणि अंडी घालायला बरोबर ह्याच ओढ्यात परत येतात. अंडी घातली की मरतात. आयुष्यात एकदाच, मामा."

वाकून ती खडी बघायला गेलो आणि पाय घसरला. तुमानीत वरून पाणी शिरलं. असलं थंड पाणी, की दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. ग्वेनने मला काठावर निजवून दोन्ही पाय धरून वर केले, आणि तुमानीतलं पाणी माझ्याच छातीवरून बाहेर आलं. मग तिच्या स्वयंपाकघरात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा स्वेटर घालून, मसुराचं आळणी सूप प्यायलो. मी बरोबर आणलेल्या डबीतली चटणी गुपचूप घातली. तिने डबी मागून घेतली आणि स्वतःच्या वाटीत दोन चमचे घातली.

तेवीस वर्षं ती ह्या काठाला झाडं लावते आहे. मी विचारलं, "कंटाळा येत नाही?"

"रोज येतो," ती म्हणाली.

मंगळवार

यंदा पाऊस लांबला होता. मासे समुद्राच्या तोंडाशी थांबले होते, गोड्या पाण्याचा जोर वाढायची वाट बघत. सोमवारी आम्ही दोन मैल ओढा चालून आलो आणि कागदावर शून्य लिहिलं. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही असा सायलीच्या विद्यापीठाचा नियम आहे आणि तिची जोडीदारीण काम सोडून गेली होती, त्यामुळे दुसरा माणूस मी. माझे गुडघे दोन जिन्यांनंतर कुरकुरतात. रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघांनी पावाला लोणचं लावून खाल्लं. भात टाकायचं त्राण कुणालाच नव्हतं.

मंगळवारी पहाटेपासून पाऊस लागला आणि दुपारी ग्वेनचा फोन आला, एकच शब्द, "आले!"

लहानपणी आमच्या गावी वलगणीचे मासे चढायचे. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भातखाचरात, अंडी घालायला. आम्ही टोपल्या घेऊन धावायचो आणि पोटभर अंडी असलेले तेच मासे रांधून खायचो. हे काही मी ग्वेनला सांगितलं नाही.

तिघंही मोरीवरच्या रस्त्याच्या कठड्याला टेकून खाली बघत होतो. आधी मला काहीच दिसेना. मग तळाशी एक सावली हलली, आणि तिची कूस लाल होती. हातभर लांबीचा कोहो जातीचा सॅल्मन. त्याच्यामागे दुसरा. ओंडक्यापाशी ते थांबले, दम घेतला आणि एका झटक्यात वर गेले. ग्वेनने माझं मनगट गच्च धरलं होतं. छत्री फक्त माझ्याकडे होती, इथली माणसं छत्री वापरत नाहीत. ती मिटून मीही भिजत उभा राहिलो. अंधार पडेपर्यंत सात मासे मोजले.

"बघ," मी सायलीला म्हटलं. "आले की!"

ती म्हणाली, "उद्या बघू."

बुधवार

सकाळी आठला पाण्यात उतरलो. पहिल्याच वळणावर एक मादी पाण्याच्या वरच्या थरात गोल गोल फिरत होती. सारखं तोंड उघडत होती. पर ताठ पसरलेले. मध्येच कुशीवर कलंडायची, पुन्हा सरळ व्हायची. माणसाला घाबरून पळायचं भानही तिला नव्हतं. आम्ही हातभर अंतरावर उभे होतो.

"काहीतरी कर," मी म्हटलं.

"काही करता येत नाही. एकदा सुरू झालं की तासाभराचा, दोन तासांचा प्रश्न."

आम्ही थांबलो. सायलीला लक्षणांच्या वेळा लिहायच्या होत्या. मादी पावणेदहाला मेली. सायलीने तिला काठावर घेतलं, लांबी मोजली आणि पोट चिरलं. नारिंगी रंगाची अंडी गच्च भरलेली होती, मण्यांसारखी, एकही कमी झालेलं नाही.

"लिहा, मामा. अंडी घातली: नाही."

मी लिहिलं. तिने शेपटीचा तुकडा कापला, म्हणजे तोच मासा पुन्हा मोजला जाणार नाही, आणि मादीला परत पाण्यात सोडलं. पुढे आणखी चार सापडले. सगळे तसेच.

पाचव्या माशानंतर आम्ही ओंडक्यावर बसलो आणि मी विचारलं, हे होतं कशाने. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

"टायर," ती म्हणाली. "रस्त्यावर टायर झिजतात, त्याची धूळ पडून राहते. पाऊस पडला की धूळ गटारात, गटार ओढ्यात. वर्षानुवर्षं कुणाला कळत नव्हतं. मग काही वर्षांपूर्वी इथल्याच रिसर्चर्सनी शोधून काढलं. टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात एक केमिकल घालतात—"

"हवेतल्या ओझोनपासून वाचवायला," मी म्हणालो.

"हो. ते ओझोनशी रिअ‍ॅक्ट होऊन जे बनतं ना, त्याने कोहो मरतात. तुम्हाला माहितीये?"

माझी सगळी नोकरी रबराच्या चाचणीत गेली. रबराच्या पट्ट्या ताणून ओझोनच्या पेटीत ठेवायच्या आणि भिंगाखाली भेगा मोजायच्या. ज्या मिश्रणाला भेगा पडत नाहीत ते पास. ते द्रव्य मला वासावरून ओळखता येतं. शर्टाच्या बाहीला लागलं की तपकिरी डाग पडतो, तो जात नाही. भेग न पडलेला टायर भर रस्त्यात फुटत नाही, माणसं वाचतात, ह्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. ते द्रव्य ओझोनशी लढून स्वतः बदलतं हे मी शिकाऊ पोरांना फळ्यावर काढून दाखवत असे. बदलून जे होतं ते जातं कुठे, हा प्रश्न आमच्या पेटीत नव्हता. मी तो कधी विचारला नाही.

हे सगळं मी सायलीला सांगितलं. वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातली कागद लावलेली पाटी काढून घेतली, आणि म्हणाली, "कागद भिजतोय, मामा. चला, अजून अर्धा मैल आहे."

संध्याकाळपर्यंत आठ मासे झाले. आदल्या दिवशी मोजलेल्यांपेक्षा एक जास्त.

गुरुवार, देवळात

मासे वाचवायचा एक उपाय आहे आणि तो अगदी साधा आहे. रस्त्याचं पाणी ओढ्यात जाण्याआधी वाळू, कुजलेलं खत आणि झाडं लावलेल्या चरातून मुरू द्यायचं. त्या मातीतून गाळलेल्या पाण्यात कोहो जगतात, हे सिद्ध झालंय. मग चर का खणत नाही, म्हणून विचारलं, तर सायली हसली.

"तिथे सगळ्यात वाईट पाणी येतं ते एका मोठ्या पार्किंग लॉटमधून. आणि ते पार्किंग कुणाचं आहे माहितीये? आपल्या देवळाचं. मी तीन ईमेल केले. नो रिप्लाय."

"तू कधी देवळात गेलीस?"

"नाही."

"मग उत्तर कोण देणार?"

गुरुवारी संध्याकाळच्या आरतीला गेलो. ओढ्याच्या चिखलाचा वास केसांतून गेला नव्हता. प्रसादाच्या रांगेत समितीचे अध्यक्ष भेटले, डॉक्टर वैद्य. मूळ नागपूरचे, भूल देणारे डॉक्टर, तरुणपणीच इथे आलेले, आता निवृत्त. सायलीने त्यांना वाकून नमस्कार केला, ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"काका, मी ईमेल केले होते. माशांबद्दल."

"अगं हो हो, पाहिले मी," डॉक्टर म्हणाले. "पण बाळ, दिवाळीला लोक तीन गल्ल्या सोडून गाड्या लावून आले. शेजाऱ्यांनी तक्रार केली. आणि तू म्हणतेस पार्किंग खणा. कमिटी मला खाऊन टाकेल."

"चारच जागा, काका. मागच्या कोपऱ्यातल्या."

"चार आज म्हणतेस. आणि मासे तर तसेही मरतातच ना अंडी घालून?"

सायली उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा असा होता, की हे वाक्य तिने शंभरदा ऐकलेलं असावं. ती प्रसादाची वाटी हातात घेऊन बाहेर जाऊन बसली. बहिणीला फोनवर जो आवाज ऐकू आला असेल, तो मला तेव्हा दिसला.

मी डॉक्टरांना म्हटलं, "उद्या सकाळी पाऊस आहे. अर्धा तास माझ्याबरोबर चला. देवळाच्या मागेच आहे. नाही पटलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

"इनामदार, माझी पाठ धरते."

"माझे गुडघे धरतात. सावकाश जाऊ."

शुक्रवार

ते आले. सुटाच्या खाली पांढरे चालायचे बूट, हातात भली मोठी छत्री. उतारावरून ग्वेनने त्यांना हात धरून उतरवलं. तेवीस वर्षं ती ह्या देवळामागून चिखलातून जात होती आणि डॉक्टर वीस वर्षं पुढच्या दाराने. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं.

पार्किंगचं पाणी पाइपातून ओढ्यात पडत होतं, चहाच्या रंगाचं. त्याच्या खाली वीस पावलांवर एक मादी वर आली होती. तोंड उघडत होती, मिटत होती. डॉक्टरांनी छत्री ग्वेनकडे दिली आणि गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हिला हवा मिळत नाहीये," ते म्हणाले. "श्वास घेतेय, पण पोचत नाहीये काही. चाळीस वर्षं मी हेच बघत बसायचो टेबलाच्या डोक्याशी. पेशंट असा दिसला की हात आपोआप चालायचे." त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "पाणी बदललं तर?"

"उशीर झालाय, काका," सायली म्हणाली.

मादी कलंडली, पुन्हा सरळ झाली नाही. सायलीने नेहमीचं काम केलं. पोट चिरलं तेव्हा डॉक्टर बाजूला झाले नाहीत. अंडी पाहिली, आणि म्हणाले, "तसेही मरतातच असं मी म्हणालो होतो, नाही का?"



वर चढताना ते दोनदा थांबले. गाडीपाशी येऊन म्हणाले, "मी प्रॉमिस करत नाही. कमिटीत अकरा जण आहेत आणि अकराही जणांना गाडी दारात लावायची असते. पण मांडतो विषय." मग सायलीला, "तू ये त्या दिवशी. ईमेल नको करू. ये."

मी त्यांच्या गाडीकडे बघत होतो. चारही टायर नवे होते.

शनिवार, परतीच्या वाटेवर

विमानतळाच्या वाटेवर सायली म्हणाली, "मामा, मी अ‍ॅडव्हायझरला ईमेल सेंड केला सकाळी."

मी म्हटलं, "बरं केलंस."

"आईला काय सांगणार?"

"की मी आठवडाभर तुझ्याबरोबर मोजलं."

ती रडली नाही, पण पुढच्या सिग्नलला हिरवा होऊनही गाडी पुढे घेईना. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा निघालो.

नोव्हाय

परत येऊन आता तीन महिने होतील. विचारणारे विचारतात, तिकडे काय काय पाहिलं. डोंगर पाहिला का, फेरीबोटीत बसलात का. नाही. मी दोन मैलांचा एक ओढा पाहिला, सहा वेळा.

सायलीने मास्टर्सची पदवी घेऊन विद्यापीठ सोडलं. बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग सायलीला तिथल्याच काउंटीत नोकरी लागली, पावसाच्या गटारांच्या खात्यात. कुठल्या पार्किंगचं पाणी कुठे जातं याचे नकाशे करते. म्हणते, काम बोअर आहे, पण झोप लागते. देवळाच्या समितीत दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत चारऐवजी तीन जागा मिळाल्या. डॉक्टर वैद्यांनी फोटो पाठवला आहे. चर खणलेला, त्यात उभी ग्वेन, आणि काठावर धोतरातले पुजारी फावडं धरून. एवढ्याशा चराने ओढा वाचेल का, म्हणून मी सायलीला विचारलं. "नाही," ती म्हणाली. "असे शंभर लागतील." आणि मला पुढच्या शरद ऋतूत सुट्टी काढून या म्हणाली. निवृत्त माणसाला कसली सुट्टी, पण तिचा आवाज ऐकून हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात इथे पुन्हा बर्फाचा अंदाज आला. माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते, बायको दोन वर्षं मागे लागली होती. दुकानात गेलो. आत शिरताच तो वास आला. काउंटरवरच्या माणसाला त्या द्रव्याचं नाव सांगून विचारलं, की हे नसलेले टायर आहेत का. त्याने मला नाव पुन्हा उच्चारायला लावलं, कागदावर लिहून घेतलं, आणि मागे जाऊन कुणाला तरी विचारून आला.

"सॉरी सर. सगळ्यांतच असतं म्हणे. हे आम्हाला आधी कुणी विचारलं नव्हतं."

मी पस्तीस वर्षं त्याच कामात होतो, उत्तर मला माहीत होतं. तरी विचारलं. चार टायर बसवून घेतले. बाहेर बर्फ पडायला लागला होता. घरापर्यंत साडेचार मैल आहेत, सावकाश चालवत आलो.